दहाच्या पुढे हळू सोडा

मला बघायला पाहुणे आले तेव्हा पोह्यांच्या बशा मीच बाहेर नेल्या. मुलाच्या मावशींनी बशी घेताना माझी बोटं पाहिली आणि त्या तशाच थांबल्या. उजव्या हाताच्या तीन बोटांवर काळपट डाग होते. मावशींनी आईला बाजूला घेऊन विचारलं, मुलीला काही कातडीचं आहे का. आई गडबडली. मग मीच सांगितलं की हे सिल्व्हर नायट्रेटचे डाग आहेत, आठ-दहा दिवसांत जातात, आणि तोवर नवे पडलेले असतात. मुलगा हसला, मावशी हसल्या नाहीत. लग्न झालं, पण पुढे पाच-सहा वर्षं मावशी माझ्या हातून पाण्याचा पेला घेताना तो आधी उजेडाकडे धरून बघायच्या.

ठाण्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सहायक होते. नाव भारदस्त आहे, पण कॉलेजात सगळे ‘लॅबच्या ताई’ म्हणत. राहायला डोंबिवलीला, नोकरी ठाण्याला. ऐंशीच्या दशकात लागले तेव्हा वाटलं होतं की दोन-तीन वर्षं करू आणि मग बघू. ते ‘मग बघू’ निवृत्तीपर्यंत टिकलं.

माझं काम नेमकं काय, हे घरच्यांनासुद्धा कधी नीट कळलं नाही. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, ‘आमची सून कॉलेजात बाटल्या भरते.’ खोटं नव्हतं ते. शिकवायला देवधर मॅडम होत्या, आमच्या विभागप्रमुख. फळ्यावर त्या जे लिहीत ते टेबलावर घडलं पाहिजे, ही जबाबदारी माझी. द्रावणं करायची, क्षार वाटून ठेवायचे, बर्नरची भोकं टाचणीने साफ करायची, फुटलेल्या नळ्यांची नोंद ठेवायची आणि आम्ल सांडलं की मुलं पळायच्या आत सोडा घेऊन पोचायचं. प्रयोग जमला की शाबासकी मॅडमना आणि फसला की ‘ताईंनी काय दिलं होतं?’ याची मला सवय झाली होती.

गिऱ्हाइकं मात्र एकेक मिळायची. एका मुलाला कुठलाही क्षार द्या, त्याला त्यात सोडियमच सापडायचं. ज्योतीत धातूची तार धरायची, तारेच्या टोकाला क्षार लावायचा आणि ज्योतीचा रंग बघायचा, असा तो प्रयोग. क्षारातल्या अणूंना आच लागली की त्यांच्यातले इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर उडी मारतात आणि खाली येताना रंग टाकून येतात. प्रत्येक मूलद्रव्याचा रंग ठरलेला. तांब्याची ज्योत हिरवी, पोटॅशियमची जांभळट, सोडियमची पिवळी. या पठ्ठ्याची ज्योत महिनाभर पिवळीच. शेवटी एकदा मी त्याला स्वतःच्या खिशात हात घालायला लावला. खिसाभर खारे शेंगदाणे निघाले. एक दाणा तोंडात, एक तार हातात, असा सगळा कारभार चालला होता. बोटांचं मीठ तारेला लागत होतं, म्हणजे ज्योत बिचारी खरंच बोलत होती.

दुसरी गोष्ट हायड्रोजन सल्फाइडची. हा वायू आम्ही लॅबमध्येच तयार करायचो. नासक्या अंड्यासारखा वास. आमच्या बरोबर खाली कॉलेजचं ऑफिस आणि त्याला लागून कॅन्टीन. एकदा वायूच्या उपकरणाची तोटी माझ्या हातून अर्धवट उघडी राहिली आणि दुपारभर तो वास जिन्याने खाली उतरत राहिला. ऑफिसच्या बड्या बाबूंनी कॅन्टीनवाल्या अण्णांना बोलावून नासकी अंडी वापरतोस म्हणून सगळ्यांदेखत झाडलं. अण्णा शपथा घेत होते. मी जिन्यात उभी राहून ऐकलं, वर आले आणि तोटी घट्ट केली. खाली जाऊन सांगायला हवं होतं, पण नवी नोकरी, कोण बोलणी खाईल. अण्णांनी त्या दिवसापासून अंडाभुर्जी बंद केली ती कायमची. पोरं हळहळली. ती भुर्जी मलाही आवडायची, ही मला मिळालेली शिक्षा.

आता जे सांगायचं आहे त्यासाठी थोडं रसायनशास्त्र सांगावं लागेल. घाबरू नका, स्वयंपाकघराच्या पलीकडे जाणार नाही.

सगळं जग कणांचं आहे, अणूंचं आणि रेणूंचं. प्रक्रिया होते ती कणाकणांत होते, आणि ती हिशेबात होते. इकडचे दोन तिकडच्या पाचांशी, असं. पण कण इतके बारीक की मोजणार कसे? वाण्याकडे जाऊन आपण मोहरीचे पाच हजार दाणे द्या म्हणत नाही, पन्नास ग्रॅम द्या म्हणतो. रसायनशास्त्र तेच करतं. अमुक पदार्थाचे अमुक ग्रॅम घेतले की त्यात इतके कण येणार, हे ठरलेलं असतं. म्हणून माझ्या धंद्याचं दैवत म्हणजे तराजू. काचेच्या पेटीतला, श्वास लागला तरी हलणारा. वजनं चिमट्यानेच उचलायची, हात लावायचा नाही. आमच्या घरी देवांना सोवळं नव्हतं, पण त्या तराजूला होतं.

बारावीच्या परीक्षेला एक प्रयोग हमखास असायचा. चंचुपात्रात ऑक्झॅलिक ॲसिडचं दहा मिली द्रावण घ्यायचं, त्यात थोडं गंधकाम्ल घालून ते ऊन करायचं आणि वरून ब्युरेटमधून पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं द्रावण थेंब-थेंब सोडायचं. ब्युरेट म्हणजे आकडे कोरलेली लांब काचेची नळी, खाली तोटी. पहिला जांभळा थेंब जरा रेंगाळतो, मग नाहीसा होतो. पुढचे पडले की लगेच विरतात. खाली ॲसिडचे कण शिल्लक आहेत तोवर रंग टिकत नाही. ते संपले की पुढच्या एका थेंबाने सगळं फिकट गुलाबी होतं आणि गुलाबीच राहतं. तिथे थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. तो आकडा म्हणजे उत्तर. मी हजारो वेळा पाहिलं असेल, पण त्या गुलाबीचा मला कधी कंटाळा आला नाही.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगते, जी कुठल्या नियमात लिहिलेली नाही. परीक्षेच्या सकाळी हा प्रयोग आधी मी स्वतः करून बघायची आणि आलेला आकडा परीक्षकांना द्यायची. मुलांचा आकडा त्याच्याशी ताडून मार्क मिळायचे. मुलांच्या डोक्यावर घरची स्वप्नं. त्यांची दया यायची. मग बाटल्या भरत फिरताना मी आपलं सहज म्हटल्यासारखं म्हणायची, “दहाच्या पुढे हळू सोडा हं, पोरांनो.” म्हणजे दहाच्या पुढे लगेच रंग येणार, हे समजणाऱ्याला समजायचं, आणि न समजणाऱ्याला शेजारचा समजवायचा. मॅडमना माहीत होतं. त्या त्या वेळी खिडकीबाहेर बघायच्या. यात मला चूक कधी वाटली नाही, पुण्यच वाटायचं.

ते वर्ष नव्वदच्या आसपासचं. बाहेरचे परीक्षक दामले सर, कल्याणच्या एका कॉलेजातले, राहायला शहाडला. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. मितभाषी माणूस, घड्याळाबरहुकूम चालणारा. माझ्या कायम होण्याची फाइल तेव्हा ऑफिसात फिरत होती. कितीतरी वर्षं तात्पुरती म्हणून काढल्यावर आता एका सहीचा प्रश्न उरला होता, म्हणून मीही घड्याळाबरहुकूम चालत होते.

सकाळी मी प्रयोग केला, आकडा आला दहा पूर्णांक दोन. सरांना दिला. सकाळची तुकडी छान पार पडली. पण त्या तुकडीने द्रावणाने पिपेट, म्हणजे दहा मिली मोजून घ्यायच्या नळ्या, धुतल्या की अंघोळी केल्या कोण जाणे, जेवणाच्या सुट्टीत बघते तर ऑक्झॅलिक ॲसिड संपलेलं. दुपारच्या तुकडीला वीस मुलं. डबा तसाच ठेवला आणि नवं द्रावण करायला बसले. लिटरला सहा पूर्णांक तीन ग्रॅम, हा आकडा मला मुलाच्या वाढदिवसापेक्षा पक्का पाठ. जुनी बाटली रिकामी होती, कपाटातून नवी काढली. त्याच कंपनीची, तेच हिरवं लेबल. आतली पावडर पिठीसाखरेसारखी बारीक होती. नेहमीचे खडे असतात, हे बारीक आहे म्हणजे माल चांगला दिसतोय, असं मनात म्हटलं. वजन अगदी चोख केलं. परत प्रयोग करून बघायला हवा होता, पण घंटा झाली आणि दामले सर दारात उभे.

दुपारची तुकडी बसली. मी बाटल्या वाटल्या आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. दहाच्या पुढे हळू सोडा हं, पोरांनो.

तासाभराने सर टेबलाटेबलावरून फिरत वह्या बघू लागले. दहा पूर्णांक दोन, दहा पूर्णांक दोन, एखादा हुशार दहा पूर्णांक तीन. दहाच्या पुढचे नेमके दोन सकाळच्या तुकडीने जिन्यात पुरवले असणार. खिडकीजवळच्या टेबलाशी ते थांबले. तिथे वनिता नाखवा होती. कळव्याची, कोळ्यांची मुलगी, आई ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची. फार बोलायची नाही, पण काचसामान धुऊन उपडं ठेवून जाणारी वर्गातली ती एकटीच, म्हणून माझ्या लक्षात राहिलेली. तिला औषधनिर्माणाच्या डिप्लोमाला जायचं होतं. बाप म्हणाला होता, एका झटक्यात पास झालीस आणि मार्क पडले तर शीक, नाहीतर आईबरोबर पाटी घे. हे तिनेच मला एकदा नळ्या धुताना सांगितलं होतं.

तिच्या वहीत लिहिलं होतं चौदा पूर्णांक तीन, तीन वेळा.

सरांनी तिला विचारलं की बाकी सगळ्यांचं दहाच्या आसपास आहे, तुझं चौदा कसं. ती उभी राहिली. “सर, माझं तेवढंच येतंय. अंदाजाचं धरून चार वेळा केलं.”

सर म्हणाले की वीस जणांत एकटीचं वेगळं येत असेल तर कोणाचं चुकलं असेल, याचा विचार कर. तिने आकडा खोडला नाही. त्यांनी लाल पेन काढून त्या आकड्याभोवती गोल केला आणि पुढे गेले. ती खाली बसली, पिपेट उचलली आणि पाचव्यांदा प्रयोग करायला घेतला. डोळे भरले होते, तरी नजरेच्या रेषेत आणूनच ती आकडा वाचत होती.

चौदा हा आकडा मला खटकला. चूक करणारी पोरं एवढी लांब जात नाहीत, आणि तीन वेळा एकाच जागी तर नाहीच जात. मी कपाटाकडे गेले. नवी बाटली बाहेर काढली. हिरव्या लेबलवर पहिली ओळ ऑक्झॅलिक ॲसिड. तिच्याखाली बारीक अक्षरात दुसरी ओळ होती, निर्जल.

ही भानगड अशी. नेहमीच्या ऑक्झॅलिक ॲसिडचे खडे हाताला कोरडे लागतात, पण त्यांच्या आत पाणी असतं, प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू, स्फटिकात बांधलेले. निर्जल म्हणजे ते पाणी काढून टाकलेलं. भिजवलेले हरभरे पाव किलो घेतले आणि कोरडे हरभरे पाव किलो घेतले, तर दाणे कशात जास्त येतील, हे कुठलीही गृहिणी सांगेल. मी भिजवलेल्यांच्या वजनाने कोरडे मोजले होते. माझ्या द्रावणात दीडपटीच्या जरा खाली इतके कण होते. दहाचं उत्तर चौदावर गेलं होतं.

म्हणजे लॅबमधल्या वीस जणांत वनिताचा एकटीचाच आकडा बरोबर होता. बाकी एकोणीस जणांनी दहाच्या पुढे हळू सोडलं, रंग काही आला नाही, डोळ्यांदेखत जांभळा थेंब विरत होता, तरी त्यांनी माझं ऐकून दहा पूर्णांक दोन लिहिलं.

बाटली हातात घेऊन मी कपाटापाशी उभी राहिले. गप्प बसणं अगदी सोपं होतं. पाऊण तासात परीक्षा संपणार, उरलेलं द्रावण मोरीत जाणार, त्यावर पाणी सोडलं की कोणाला कळणार होतं? बोलले तर आधी माझी फाइल जाणार, आणि त्या एकोणीस पोरांचं पितळ उघडं पडणार ते वेगळंच. एकीसाठी एकोणीस. लाज वाटते सांगायला, पण हा हिशेब मी केला. मग का कोण जाणे, जिन्याखाली शपथा घेणारे अण्णा आठवले. अण्णांची भुर्जी गेली होती, इथे या पोरीचं आयुष्य जाणार होतं.

मी सरांपाशी गेले आणि बाटली त्यांच्या पुढ्यात ठेवली. दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून सांगितलं की दुपारचं द्रावण मी यातून केलंय, वजन नेहमीचंच घेतलंय आणि परत तपासून बघितलेलं नाही.

सरांनी लेबल वाचलं. सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या, रिकाम्या टेबलाशी गेले आणि स्वतः प्रयोग करायला लागले. सगळी लॅब बघत होती. दहा गेले, अकरा गेले, जांभळा थेंब पडायचा आणि विरायचा. बारा, तेरा. चौदाच्या पुढे त्यांनी हात हळू केला, आणि एका थेंबाने पात्र गुलाबी झालं ते गुलाबीच राहिलं. चौदा पूर्णांक तीन.

त्यांनी ब्युरेटवरून नजर काढली आणि वर्गाकडे पाहिलं. “मग तुम्हा एकोणीस जणांना दहा पूर्णांक दोन कुठून मिळालं?”

एकोणीस माना खाली गेल्या. मॅडम नेहमीप्रमाणे खिडकीबाहेर बघत होत्या.

“माझ्याकडून, सर,” मी म्हटलं.

आणि मग सगळंच सांगितलं. दहाच्या पुढे हळू सोडा, हे वाक्य, ते किती वर्षं म्हणत आले ते, आणि पोरांचा दोष त्यात निम्माच आहे हेही. सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. बराच वेळ पुसला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “आमच्या कॉलेजात खोकतात.”

पहिलं कोण हसलं ते आठवत नाही, मला वाटतं मॅडमच. नंतर सगळी लॅब हसली आणि मला मात्र रडू आलं. सरांनी पुन्हा चष्मा लावला तसे ते परत परीक्षक झाले. एकोणीस जणांनी आत्ताच्या आत्ता, सरांनी स्वतः पाणी घालून पातळ केलेल्या द्रावणावर पुन्हा करायचं, अर्धा तास जास्त, आणि मध्ये कोणी तोंड उघडायचं नाही. ‘त्यात सर्वप्रथम तुम्ही,’ असं मला बजावलं. वनिताच्या वहीतला लाल गोल त्यांनी खोडला, शेजारी मार्क लिहिले आणि खाली सही केली. चूक कबूल केल्याचं माझ्याकडून लेखी घेतलं आणि ते प्राचार्यांकडे दिलं. माझी फाइल त्या वर्षी परत गेली. पुढच्या वर्षी सही झाली, पण वर्षभर घरात मावशींचं ऐकून घ्यावं लागलं की सुनेचे हात काळे आहेत हे आपण पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

परीक्षा संपल्यावर वनिता नेहमीसारखं सामान धुऊन उपडं ठेवत होती. मी तिच्याजवळ गेले. माफी कशी मागायची ते सुचेना, म्हणून विचारलं की मी दहा म्हटलेलं तुला ऐकू नाही का आलं.

“ऐकलेलं ना, ताई.”

“मग लिहिलं का नाहीस?”

तिने नळी उजेडात धरून स्वच्छ झाली का बघितलं. “आई बोलते, मासळी ताजी हाय म्हणून कोण पण बोलेल. आपण कल्ला उघडून बघायचा.” मग नळी उपडी ठेवत म्हणाली, “पण मी घाबरलेली. तुम्ही खोटं नाय बोलणार, असं वाटलेलं मला.”

हे शेवटचं वाक्य ती सहज बोलून गेली, पण मला ते झोंबलं. पुढच्या वर्षीपासून मी प्रत्येक परीक्षेला दोन वेगवेगळ्या ताकदीची द्रावणं करून एकाआड एक टेबलांवर ठेवत असे, आणि प्रत्येक नवी बाटली वाटण्याआधी स्वतः तपासत असे. मग आकडा शेजाऱ्याकडून आणता येईना. पोरं म्हणायची, ताई पूर्वीच्या राहिल्या नाहीत. मी ओठ मिटून बाटल्या भरत फिरायची. दामले सर पुन्हा दोनदा आले. माझ्याजवळून जाताना एकदा ते अगदी हलकेच खोकले.

मध्यंतरी कळव्याला नणंदेकडे गेले होते. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या म्हणून नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. काउंटरमागे पांढरा कोट घातलेली बाई उभी होती, केस पिकायला लागलेले. तिने मला आधी ओळखलं. पाया पडायला ती काउंटरला वळसा घालून बाहेर आली, गिऱ्हाइकं बघत राहिली. दुकान तिचं स्वतःचं होतं. इकडचं तिकडचं बोलून झालं, मी गोळ्यांचं नाव सांगितलं आणि म्हटलं की बाई, घाईत आहे, नेहमीच्याच आहेत, बघू नकोस, दे पटकन.

वनिताने पाकीट काढलं, पण माझ्या हातात दिलं नाही. डॉक्टरांची चिठ्ठी मागून घेतली, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पाकीट उजेडात धरलं.

“थांबा ताई,” ती म्हणाली, “दुसरी ओळ वाचू द्या.”

मी थांबले.